दोन हात मारले की झालं

दसरा उलटतो, पाऊस एकदाचा काढता पाय घेतो आणि रत्नागिरीत दोन गोष्टी दिसू लागतात. घराभोवती बांधलेली परांची आणि त्याच घराच्या गेटला लटकलेली पाटी : ‘घर विकणे आहे. मध्यस्थ क्षमस्व.’

पाटी आधी लागली की परांची, एवढाच काय तो वादाचा मुद्दा.

ज्या भिंतीला वर्षानुवर्षं कुणी चुन्याचं बोट लावलं नाही, तिला अचानक पुट्टी, प्रायमर आणि वर इमल्शनचे दोन हात. मुलीच्या लग्नाला रंग काढला नाही. गणपतीला काढला नाही. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मांडव घालून भिंत झाकली. घर विकायचं ठरलं तेव्हा मात्र शेड कार्ड घेऊन सगळं कुटुंब अंगणात! राहिले त्यांच्या वाट्याला शेवाळ, येईल त्याच्यासाठी ‘आयव्हरी’.

अतिथी देवो भव म्हणतात ते हेच असावं.

सध्या एक नवं ज्ञान फुकट वाटलं जातंय. बाहेरचा रंग नेमका निवडा, घर चढ्या भावाने जाईल. हे एजंट सांगतो, रंगाच्या दुकानातला मुलगा सांगतो, मोबाइलवरची रील सांगते. एजंटाला कमिशन मिळतं, दुकानदाराचे डबे खपतात, रीलवाल्याला लाइक मिळतात, सरकारला डब्यामागे १८ टक्के जीएसटी मिळतो. घरमालकाला काय मिळतं?

रंगाऱ्याचं बिल.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत हे सिद्ध झालंय. झालंय ना! ‘झिलो’ नावाच्या तिकडच्या घरविक्री कंपनीने २०१७ साली, विकल्या गेलेल्या घरांचे ३२ हजारांहून जास्त फोटो तपासले. निष्कर्ष असा, की राखाडी आणि मातकट यांच्या अधल्यामधल्या रंगाची घरं ३,४९६ डॉलर जास्तीला गेली.

तो रंग रत्नागिरीत दुसऱ्या पावसाळ्यात आपोआप येतो. डबा आणावा लागत नाही.

पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने आणखी एक शोध लावला. पुढचा दरवाजा काळा किंवा कोळशाच्या रंगाचा असेल तर घराला ६,२७१ डॉलर जास्त मिळतात. करून बघा. इथे रत्नागिरीत, नाचणे किंवा कुवारबाव भागात, पुढच्या दाराला काळा रंग द्या. डॉलर राहू द्या बाजूला, पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकू येतील : ‘‘घरात सगळं बरं आहे ना हो?’’ गिऱ्हाईक गेटवरूनच परत फिरेल. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी दाराला लिंबू-मिरची बांधून जाईल.

शिवाय एक साधा प्रश्न. ज्याला दाराचा रंग बदलायची हौस आणि ऐपत आहे, त्याने छप्पर आणि नळही बदलले नसतील कशावरून? दार काळं म्हणून घराला भाव आला, की घर धडधाकट आणि मालक हौशी, म्हणून दारही काळं झालं? आकडेवारीला असे प्रश्न विचारले की ती डॉलरमध्ये उत्तर देते.

बरं, अमेरिका सोडा. आपलं शेड कार्ड घ्या. पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन आणि त्यावरून तीस फुटी भिंतीचा निर्णय! तिकिटाएवढा लिंबू कलर नाजूक दिसतो. तोच भिंतभर चढला की दुपारी बारा वाजता डोळे मिटून रस्ता ओलांडावा लागतो. तिकिटाएवढा पोपटी प्रसन्न वाटतो. तोच बंगलाभर झाला की रिक्षावाले स्टॉपला त्याचं नाव देतात : ‘पोपटी बंगला, कोण आहे?’

पत्ता सांगायला सोपं जातं, हे कबूल. विकायला जात नाही.

शहाणा माणूस लहान डबा आणतो, भिंतीवर हातभर पट्टा मारतो आणि दोन दिवस थांबतो. सकाळच्या उन्हात एक रंग, संध्याकाळी दुसराच. मग ठरवतो. पण शहाणा माणूस घर विकायला निघाल्यावर आधी रंगाच्या दुकानात जातच नाही, ही पंचाईत आहे.

त्यात आपल्याकडे रंगाला पक्षही असतो. भगवा दिला की एक तर्क, हिरवा दिला की दुसरा, निळा दिला की तिसरा. गिऱ्हाईक घर बघायला आलंय की मतदारयादी चाळायला? म्हणून मग सगळे गुपचूप क्रीमवर येतात. क्रीम हा काही रंग नाही.

ती आचारसंहिता आहे.

यातून सुटलात तर वास्तुवाले गाठतात. कुठल्या दिशेला कुठला रंग, याचं कोष्टक त्यांच्याकडे तयार असतं. आणि नैर्ऋत्येला जड वस्तू ठेवा, असंही ते बजावतात. अहो, आमच्या नैर्ऋत्येला मान्सून आहे. त्याहून जड काय ठेवू?

खरी मेख तिथेच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो उभा कमी, आडवा जास्त येतो. घराच्या दोन भिंती रस्त्याकडे तोंड करून फोटो काढून घेतात, पश्चिम-दक्षिणेकडच्या दोन भिंती चार महिने मार खातात. जाहिरातीत फोटो कुठल्या भिंतीचा असतो?

विचारायलाच नको.

इथलं जुनं घर जांभ्याचं. चिरा सच्छिद्र. तो पावसात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. म्हणून जुन्या माणसांनी त्यावर चुना दिला. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, शेवाळही लवकर धरत नाही, आणि दर वर्षी नवा हात द्यायला कर्ज काढावं लागत नाही. खाली काव किंवा गेरूचा पट्टा, वर चुना. लाल आणि पांढरा. शेड कार्ड संपलं. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांवरची कावी चित्रं याच दोन रंगांत काढलेली आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या पाऊस खाऊन उभी आहेत.

त्यांना वॉरंटी कार्ड नव्हतं.

आता त्याच चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर इमल्शनची ताणून बसवलेली कातडी. पाणी शिरतं कुठून? स्लॅबच्या भेगेतून, पत्र्याच्या स्क्रूतून, पॅरापेटच्या सांध्यातून. आत यायला शंभर वाटा, बाहेर पडायला एकही नाही. मग ते रंगालाच आतून ढकलतं. आधी फुगा येतो, मग पोपडा सुटतो, त्यामागे पांढराफेक लोणा. अर्थात हे सगळं जून-जुलैत. ऑक्टोबरात लावलेला रंग मे अखेरपर्यंत दृष्ट लागण्याजोगा असतो. आणि व्यवहार साधारण मार्चमध्ये होतो.

योगायोग म्हणतात तो हाच.

डब्यावर मात्र सात वर्षं, दहा वर्षं अशी ग्वाही छापलेली. खालची मुंगीएवढी अक्षरं वाचली आहेत कधी? भिंत आधीच ओली असेल, भेगा असतील, पृष्ठभाग नीट तयार केला नसेल, तर ग्वाही रद्द. थोडक्यात, भिंत चांगली असेल तर रंग टिकेल. हे तर आमचा रंगारीही सांगतो.

तो निदान भिंत बघून सांगतो.

आपल्या जिल्ह्यातच, लोटे-परशुरामला, रंगाचा मोठा कारखाना आहे. म्हणजे रंग जिल्ह्यातला, चिरा जिल्ह्यातला, पाऊस तर जिल्ह्यातलाच. एकाच जिल्ह्यातल्या तिघांचं एकमेकांशी पटत नाही, यात रत्नागिरीकराला नवल वाटायचं कारण नाही.

शिवाय इथल्या घराचा खरा बाहेरचा रंग भिंतीवर नसतोच. तो डोक्यावर असतो. आधी लाखांची स्लॅब घालायची, ती गळली की तिच्यावर पत्र्याची शेड घालायची. रत्नदुर्गावर चढून शहराकडे बघा. निळे पत्रे, लाल पत्रे, हिरवे पत्रे. खाली कुणी ‘टेराकोटा’ दिलाय आणि कुणी ‘मिंट’, हे कुणाला कळणार? मुंबईचं गिऱ्हाईक तर घर पहिल्यांदा बघतं उपग्रहाच्या नकाशावर.

त्याला फक्त तुमचा पत्रा दिसतो.

आणि नकाशावर आवडलं म्हणून ते निघालंच, तर मुंबई-गोवा महामार्गाने येतं. वर्षानुवर्षं ज्याचं काम संपतंच आहे, त्याच महामार्गाने. हाडं खिळखिळी होऊन दारात उतरलेल्या माणसाला ‘कसा वाटला कलर?’ असं विचारू नये. आधी पाणी द्यावं.

या गिऱ्हाइकाला हवं तरी काय असतं? उघडा जांभा, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे हापूसची चार कलमं. आणि त्याला भुलवण्यासाठी आपण काय करतो? जांभ्यावर गिलावा चढवतो, कौलं उतरवून पत्रा टाकतो, पडवीला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो आणि वर क्रीम कलर फासतो. गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि दोन किलोमीटर पुढच्या नव्या प्रकल्पात शिरतं. तिथे सिमेंटच्या भिंतीवर जांभ्याच्या पातळ टाइल्स चिकटवलेल्या असतात. ते हरखतं. ‘‘बघ ना, किती कोकणी वाटतंय!’’

खरा जांभा झाकायला खर्च, खोटा चिकटवायला खर्च. यालाच बहुधा विकास म्हणतात.

रत्नागिरीतल्या सगळ्यात नामांकित घराची गोष्ट घ्या. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणलं. त्याचा राजवाडा बांधून झाला १९१० साली. ताबा मिळायला चोवीस वर्षं! पुढे राहायला मिळालं ते जेमतेम सहा वर्षं, कारण १९१६ मध्ये राजा गेला. आजच्या काही बिल्डरांनी कुणाचा आदर्श डोळ्यापुढे ठेवलाय, हे वेगळं सांगायला नको. वाडा मात्र आपल्या तांबूस अंगाने अजून उभा आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात.

क्रीम दिला असता तर गेले असते?

घर बघायला गिऱ्हाईक एकटं येत नाही, हेही विकणारे विसरतात. बरोबर एक काका असतात. नवराबायको रंगाकडे बघतात, काका भिंतीकडे. ते थेट मागच्या बाजूला जातात. बोटाच्या पेराने गिलाव्यावर टकटक करतात. पोकळ आवाज आला की थांबतात. कोपऱ्यातला इवलासा फुगा गाडीच्या किल्लीने अलगद उचकटतात. आत येऊन हुंगतात. मग त्यांची नजर जाते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. ते जमिनीपासून दोन फुटांवर का टांगलंय? काका महिना बघायच्या निमित्ताने वाकतात आणि अख्खं कॅलेंडरच वर उचलतात. मागे ओलीचा मोठा डाग.

‘‘गळत नाही ना हो?’’

‘‘छे हो! यंदा पाऊसच जरा जास्त झाला.’’

रत्नागिरीत पाऊस दर वर्षी ‘यंदा जरा जास्त’ होतो.

त्या क्षणापासून ताज्या रंगाचा वास उलटायला लागतो. एवढा नवा रंग का? झाकलंय काय? अजून कुठे कुठे झाकलंय? जिथे काहीच झाकलेलं नाही, तिथेही काकांना डाग दिसू लागतात. किंमत चढवायला लावलेला रंग किंमत उतरवून मोकळा होतो. रंगाचा खर्च वर.

आणि आपण फसवायला निघालो कुणाला? रत्नागिरीकराला? ज्या गावात पोरंसोरंही सांगतात की आंबा पिवळाधमक दिसला म्हणजे पिकला असं नाही, कार्बाइडचाही असू शकतो. जिथे पेटी घेताना वरचा थर बाजूला करून खालचा बघतात. तिथे घर मात्र वरच्या थरावर खपेल, ही आशा आली कुठून? वरच्या रंगाला भुलू नये, हे चोखोबा चौदाव्या शतकातच सांगून गेले. त्यांच्यापुढे ऊस होता. आपल्यापुढे हापूस आहे. धडा एकच.

कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे. इमल्शनने घर पिकवायला नाही, असं वाटत असेल तर जरा थांबा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, साल १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. १८८२ साली इमल्शन नव्हतं.

माणसं मात्र हीच असावीत.

समजा, भिंत खरोखर कोरडी निघाली. रंग देखणा, काका खूश, वहिनींनी पडवीत झोपाळा कुठे टांगायचा तेही ठरवलं. विकलं घर? काढा सातबारा. आजोबांच्या पश्चात वारस नोंदच झालेली नाही. हिश्शेदार नऊ. दोघे बोरिवलीला, एक बडोद्याला, एक कुणाशीच बोलत नाही. ‘इतर हक्कां’त कुणाचं तरी नाव पूर्वीपासून ठाण मांडून बसलेलं. समुद्र दिसतो म्हणून भाव वाढवलात, तर समुद्र इतका जवळ, की सीआरझेडचा प्रश्न. पडवी कोंडून काढलेली खोली घरपट्टीच्या उताऱ्यावर नाहीच.

हे सगळं कुठल्या कंपनीच्या कुठल्या शेडने झाकतं?

बँकेचा माणूस मूल्यांकनाला येतो तेव्हा क्षेत्र मोजतो, बांधकामाचं वय विचारतो, परवानगीचा कागद मागतो. मुद्रांक शुल्क ठरताना रेडी रेकनरचा दर आणि व्यवहाराची रक्कम यांतलं जास्त काय, ते बघतात. हे सगळे कागद उलटसुलट करून बघा.

त्यात कुठेही ‘कलर’ असा रकाना नाही.

मग काय, रंग काढूच नये? काढा की! पण क्रम लावून. आधी गळती थांबवा, मग भेगा भरा, मग भिंत वाळू द्या. नवा गिलावा असेल तर महिनाभर त्याला हात लावू नका. शेवाळ घासून, धुऊन काढा. त्याच्यावरच रंग फासलात तर ते मरत नाही, पुढच्या जूनची वाट बघतं. चिरा उघडा असेल तर उघडाच राहू द्या, दरजा तेवढ्या भरून घ्या. गिलाव्याचं घर असेल तर फिकट मातकट रंग बरा. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पहिल्याच पावसात काळे ओघळ उठतात, गडद रंग उन्हात विटतो. आणि खालचा दोन फुटांचा पट्टा गेरूच्या रंगाचा ठेवा. पागोळ्यांनी लाल मातीचे शिंतोडे तिथेच उडतात.

हे आजीला माहीत होतं. कन्सल्टिंगचे पैसे ती लावत नव्हती.

एवढं करून जे पैसे वाचतील त्यात वकील गाठा. वारस नोंद करून घ्या, बोरिवलीच्या आणि बडोद्याच्या सह्या मिळवा, जो बोलत नाही त्याच्याशी आधी बोला. घराचा भाव त्या एका सहीने जेवढा वाढेल, तेवढा बाजारातल्या सगळ्या डब्यांनी मिळून वाढणार नाही.

आणि विकणाऱ्यांनो, घर खरंच चांगलं असेल तर गिऱ्हाईक नोव्हेंबरात बोलवूच नका. भर जुलैत बोलवा. बाहेर धो धो कोसळत असताना पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावू द्या. कोरडी लागली तर भाव तुम्ही सांगायचा आणि काकांनी मान डोलवायची.

घेणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच : मालक जुलैत घर दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर रंग कितीही आवडो, विसार देऊ नका.